मंदाच्या सात कांड्या

१५ नोव्हेंबर

काल मंदाची तेरवी झाली. पाहुणे पांगले. आता घर खायला उठतं. मागावर कोसा रेशमाचा दुपट्टा अर्धाच विणलेला. बाजूच्या टोपलीत तिने सूत भरून ठेवलेल्या सात कांड्या. त्या धोट्यात घालायच्या नाहीत. विणल्या की संपल्या!

१७ नोव्हेंबर

सून दामिनी झाडताना टोपली सरकवायला गेली. ओरडलोच! "हात नको लावू! तुझ्या सासूच्या हातच्या आहेत त्या." पोरीचे ओठ हलले, मग झाडू उचलून आत गेली. मागून फार वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर

शेजारची गिरजाबाई आली. "भय्याजी, माग काहून बंद? मंदाबाई असती तं धोट्यानंच हाणलं असतं तुम्हाले!" हसू आलं. तेरवीनंतर पहिल्यांदा.

टोपली दाखवली, तर "तिच्या हातची कांडी ओळखता काय?" म्हणे. वा! चाळीस वर्षं तिने भरल्या, मी विणल्या. डोळे मिटून सांगीन!

पोळ्यापासून अंथरुणाला खिळली, तरी माजघरात लोटलेल्या दाराआड चरखा फिरायचाच. कुई-कुई. मध्येच थांबायचा—दम घेत असेल बिचारी. मी इथे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचो. आवाज आला की वाटायचं, आज उठून बसली. आज बरं आहे.

२४ नोव्हेंबर

काही नाही. कांड्या मांडीवर घेऊन बसलो.

२८ नोव्हेंबर

दुपारी माजघरात चरखा वाजला! कुई-कुई... थांबला... परत कुई-कुई. तीच चाल! धावतच गेलो. दार लोटलं.

दामिनी. चरखा थांबवून हातातल्या बांगड्या वर सारत होती.

"मामाजी, रागावू नका. तुमचा माग सुरू व्हावा म्हणून बसली. पोळ्यापासून मीच भरत होती. आत्याबाईच्या हातात जोरच नव्हता. म्हणत, 'दार लोटून घे. तुझ्या सासऱ्याले चरखा ऐकू आला पाहिजे. नाही तं माग सोडून माझ्या उशाशी बसन तो.' शपथ घातली होती मले."

"आणि त्या सात?"

मान खाली घातली. "माझ्याच."

टोपलीतल्या कांड्या आणून तिच्यासमोर आपटल्या नि अंगणात जाऊन बसलो. दोघींनी मिळून मला फसवलं! दोन महिने, मंदा! दोन महिने तुझ्या उशाशी बसता आलं असतं की गं. मी मूर्ख, चरख्याचा आवाज ऐकून खूश.

२९ नोव्हेंबर

जेवलो नाही. दामिनीही जेवली नाही. ताट झाकून तशीच बसली होती. मंदाही अशीच बसायची.

आठवतं—जेवताना विचारायचो, "आज जास्त भरल्या नाही न?" मंदा नुसती हसायची. दामिनी खाली बघून पोळी वाढायची.

२ डिसेंबर

सातांतली एक कांडी धोट्यात घातली. दुपट्टा बोटभर पुढे सरकला. माजघराकडे तोंड करून हाक मारली—

"दामिनी, भर कांड्या. नि आता ते दार उघडं ठेव."