शीर तीच, नजर तयार

३, सोमवार
आजपासून स्किल लॅब. मशीनला जोडलेल्या रबरी हाताच्या शिरेत सलाईनची सुई घालणे. महिनाअखेर टेस्ट. पास होईल तो वॉर्डात, बाकीचे आणखी सहा महिने रबरापाशी. मला आठवडा पुरे. सिस्टर म्हणाल्या, हे मशीन माणूस बघून वागतं. पुढचं ऐकलं नाही, एवढं पुरेसं होतं.

४, मंगळवार
अकरा वेळा टोचलं. शीर नाही. रबर जुनं आहे.

६, गुरुवार
चौदा वेळा. मशीनमधून कोणीतरी कण्हतं, त्याने लक्ष विचलित होतं. संकल्प: उद्यापासून सकाळी सातला सराव.

७, शुक्रवार, सकाळी साडेनऊ
उठलो. झोप झाली तरच हात स्थिर राहतो.

१०, सोमवार
मिळाली! दुसऱ्याच प्रयत्नात. शीर आज ठळक दिसत होती. शीर तीच, नजर तयार झाली.

१३, गुरुवार
आता शीर करंगळीएवढी जाड दिसते. कण्हणंही थांबलंय. आईला फोन करून सांगितलं, मला हातगुण आहे. ती म्हणाली, मग त्या हाताने खोली आवर.

१७, सोमवार
शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी आहे, मी तिला चष्माच म्हणतो. तिची दया येते. बिचारी हुशार आहे, पण तिचा रबरी हात थरथरतो, शिरा दोऱ्याएवढ्या, वर मशीन सारखं पाणी मागतं. मी तिला चार युक्त्या सांगितल्या. तिने लिहून घेतल्या नाहीत.

१९, बुधवार
चष्मा म्हणते, आपलं चुकलं की मशीन सोपं करतं, जमलं की अवघड. सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. जळते.

२५, मंगळवार
सिस्टर मशीनवाल्यांना फोनवर विचारत होत्या, याहून जाड शीर मिळेल का. बघत माझ्याकडेच होत्या. खास माझ्यासाठी नवा पार्ट मागवणार बहुतेक. संकल्प: पास झाल्यावर चष्म्याला शिकवणे.

२८, शुक्रवार
टेस्ट. रबरी हात नव्हताच. जोड्या लावून एकमेकांना टोचायचं. तीन आठवडे नोटीस लागली होती म्हणे, पण ती जिन्यापाशी, आणि मी लिफ्टने येतो.

माझी जोडी चष्म्याशी. तिने माझी शीर कधी घेतली कळलंही नाही. मग माझी पाळी. तिच्या हाताला शीरच नव्हती. चार वेळा टोचलं. ती ओठ दाबून बसली. शेवटी तीच सिस्टरना म्हणाली, माझ्या शिरा लहानपणापासून खराब आहेत, त्याची काही चूक नाही. मी जोरजोरात मान डोलावली. सिस्टरनी तिचा तोच हात घेतला, पट्टा बांधला आणि तिला जेवलीस का विचारता विचारता सुई घातली. एका फटक्यात.

२९, शनिवार
सहा महिने. चष्मा आजपासून वॉर्डात. जिन्यात भेटली. चांगलं उकडत होतं, तरी बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मला बघून हसली. फार लाज वाटली. तासभर सबब शोधतोय. मिळत नाही.