शिवाची पेटी

६ एप्रिल १९६०

गाण्याचे राजाराम मास्तर म्हणाले, "रविवारी चाळीच्या पूजेला आठ मुली गाणार. पेटीवर तू आणि सरोजिनी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पेटी माझी नाही. शेजारच्या कमळाबाईंच्या मुलाची, शिवाची आहे. चार वर्षांपूर्वी तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला आणि गोळीबारात मारला गेला. दोन वर्षं कमळाबाईंनी पेटीला कुणाला हात लावू दिला नाही. मग एक दिवस स्वतःच आमच्या खोलीत आणून ठेवली. म्हणाल्या, "वाजत ऱ्हवांदे गो. बंद पेटी माका बघवत नाय."

घरी वाजवते तेव्हा काही होत नाही. बाबा पेटीच्या कडेवर तळहात ठेवून बसतात. वीस वर्षं गिरणीत साच्यावर, मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेलेत, शेजारून ओरडलं तरच कळतं. "हाताक कळता," म्हणतात. नंतर माझा डावा हात दाबून देतात. भाता मारून मारून खांदा भरून येतो, तो रोजचाच.

पण लोक बघायला लागले की बोटं माझी राहत नाहीत. शाळेच्या संमेलनात इतका घाम फुटला की बोटं पट्ट्यांवरून घसरली, बाकावरच्या मुली हसल्या. पंधरा वर्षांची घोडी मी!

९ एप्रिल

तालीम झाली. सरोजिनीपेक्षा मी बरं वाजवलं. मास्तर म्हणाले, "उद्या हेच." — हेच म्हणे. म्हणायला काय जातं?

११ एप्रिल

काल लिहवलं नाही. इथे तरी खरं लिहावं.

पटांगणात सगळी चाळ बसलेली. पहिल्याच ओळीला भलती पट्टी दाबली गेली, मोठ्यांदा. पुढच्या दोन बायकांनी माना वर केल्या. माझ्या कानात नुसतं भणभणायला लागलं. मग मी काय केलं — पेटीच्या माझ्या बाजूला पाच खुंट्या असतात. त्या ओढल्या की स्वरांना हवा जाते, आत ढकलल्या की पेटी मुकी. मी पाचही आत ढकलल्या. भाता फुगला तो फुगलेलाच राहिला. डावा हात नुसता त्याला टेकवला आणि उजव्या हाताची बोटं शेवटपर्यंत नाचवत बसले. तीन गाणी!

सरोजिनीची पेटी आणि आठ गळे. कुणालाही कळलं नाही. टाळ्या पडल्या. मास्तरांनी पाठ थोपटली. कमळाबाईंनी मीठमोहऱ्या आणून माझी दृष्ट काढली. त्यांचे डोळे भरले होते. "आज माझ्या शिवाची पेटी सगळ्यांनी आयकली," म्हणाल्या.

ऐकली. काय ऐकली?

घरी बाबा म्हणाले, "आज तुझो हात दुखाक नाय?" मी मान हलवून नाही म्हटलं. दिवसभरात तेवढं एकच खरं बोलले असेन. आणि त्याच वेळी मनात आलं, बरं झालं बाबांना ऐकू येत नाही. ज्या साच्यानं आमची चूल पेटते त्यानंच कान घेतले त्यांचे, आणि मला त्याचं बरं वाटलं. मला माझी किळस येते.

१४ एप्रिल

कमळाबाईंनी तांदळाची बोरं पाठवली. सगळी धाकट्या भावाला दिली.

१९ एप्रिल

१ मेला महाराष्ट्र होणार. चाळीत आत्तापासून पताका. त्या संध्याकाळी शिवाच्या फोटोला हार घालायचा आणि तो वाजवायचा ते गाणं पेटीवर वाजवायचं. गाणारं कुणी नाही. कमळाबाईंनीच सांगितलं, "शिवाची पेटी एकटीच वाजांदे. बकुळाच वाजवतली."

मी परत हो म्हटलं. जीभ झडत कशी नाही?

बाबांनी गिरणीतल्या आपल्या अख्ख्या खात्याला आमंत्रण दिलंय.

२५ एप्रिल

बोटाला चिंधी बांधली. विळीवर कापलं म्हणून सांगितलं. आई म्हणाली हळद लाव. कमळाबाई तीनदा येऊन बघून गेल्या.

संध्याकाळी बाबांनी माझा हात हातात घेतला आणि चिंधी सोडली. आत धड बोट. त्यांनी ते बघितलं, आणि चिंधी परत गुंडाळली. माझ्यापेक्षा नीट. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२६ एप्रिल

चिंधी काढून टाकली. मास्तरांकडे जाऊन वाजवलं. एकही चूक नाही. मास्तर एकटेच होते ना.

२९ एप्रिल

ठरवलंय. बसल्याबरोबर खुंट्या आत ढकलायच्या आणि म्हणायचं, भाता फाटला. जुनी पेटी, कोण संशय घेणार? मास्तर उघडून बघेपर्यंत कार्यक्रम पुढे गेलेला असेल.

लिहिलं आणि वाचलं. शिवा गोळीसमोर गेला आणि मी त्याच्या पेटीवर बालंट आणणार. तरी ठरवलंय. दुसरं मला जमणार नाही.

३० एप्रिल

गिरणीतून आल्यावर बाबा बराच वेळ पेटी पुसत बसले होते. मग चादरीत बांधून ठेवली. "उद्या मीच नेतलंय," म्हणाले.

१ मे

पेटी बाबांनीच खांद्यावरून आणून माझ्यापुढे ठेवली. मी चादर सोडली आणि हात खुंट्यांकडे नेला. पाचही पुरत्या बाहेर ओढलेल्या. प्रत्येक खुंटी आणि लाकूड यांच्यामध्ये गिरणीचं पांढरं सूत गच्च गुंडाळलेलं, वर साचेवाल्यांची बारीक गाठ. आत ढकलली जाईना.

मान वर केली. बाबा पहिल्या रांगेत, खात्यातल्या माणसांबरोबर. बघत होते ते माझ्या तोंडाकडे नाही, भात्याकडे. लोकांच्या बाजूला भाताच असतो. पूजेच्या दिवशीही ते तिथेच, न हलणाऱ्या भात्यासमोर बसले होते.

वाजवलं. दोनदा चुकले, सगळ्यांना ऐकू आलं. कमळाबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

घरी आल्यावर बाबांनी माझा डावा हात मांडीवर घेतला. दुखत होता.