परत मिळालेल्या एकनळी बंदुकीची विल्हेवाट

मी, बंदुका दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, असे लिहून ठेवतो की माझे हात थरथरत असले तरी डोके ठिकाणावर आहे, आणि कोणी धाक घातला म्हणून वा भरीस पडून मी हे लिहीत नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे अर्धवट खरी होती, म्हणून रद्द समजावीत.

एक. राहते घर व खालचे दुकान माझ्या धाकट्या भावाच्या पत्नीस. मला मूलबाळ नाही. हरकत घेतलीच तर चुलतभाऊ घेईल. त्याला माझ्याकडची छत्री द्यावी, ती त्याचीच आहे.

दोन. लोखंड घट्ट धरायचा शेगडा व हत्यारे शेजारच्या कुलूपवाल्यास. बारीक कानस मात्र मोडून टाकावी.

तीन. एकनळी बंदूक. ही भावाची. बारा वर्षांपूर्वी तो हिच्याच गोळीने गेला आणि पोलिसांनी पंचनामा करून ती नेली. त्या सकाळी त्याचे बायकोशी भांडण झाले होते, चार शेजाऱ्यांनी ऐकले होते. म्हणून आत्महत्या ठरली आणि बोल तिच्या माथी आला. तिने बाजारात जाणेही सोडले.

बंदूक परत मिळवायला मी आठ वर्षे उंबरठे झिजवले. सरकारी काम अन् सहा महिने थांब. वारस म्हणून तिची संमती लागली. "भाऊजी, ती वस्तू डोळ्यांसमोर नको," ती म्हणाली. "त्याची आठवण आहे," असे म्हणून मी सही घेतली. आठवण कसली! कोणी जाणकार ती उघडून पाहील, याची मला भीती होती.

चाप हलका कर, असा भावाने हट्ट धरला होता. गोळीवर आपटणारा घोडा ज्या खाचेत अडकून राहतो, ती आतली खाच मी कानशीने घासली. घासल्यावर रिकाम्या बंदुकीचा दस्ता तीनदा लाकडावर आपटायचा, घोडा आपोआप पडत नाही ना ते पाहायचे, हा आमच्या धंद्याचा नियम. गिऱ्हाइकाची असती तर आपटली असती. घरचेच काम, म्हणून तशीच दिली. दिव्याखाली अंधार.

मुद्देमालाच्या खोलीतून ती आणली आणि दार लावून एकदाच आपटली. घोडा पडला. भावाने ती भिंतीला टेकवताना हेच झाले असणार. तेव्हापासून तो आवाज मला जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकू येतो. वळून पाहावे तर भाऊ उभा असल्यासारखा वाटतो. तो रागावलेला नसतो, तेच मला सोसत नाही.

माझ्यानंतर बंदूक पोलिसांत देऊन तपासून घ्यावी. दुरुस्त करू नये.

चार. हे सारे मी मेल्यावरच उघडावे, असे लिहिणार होतो. तेवढ्यात भावाची बायको चहा घेऊन आली. "काय लिहिताय एवढं?" मला खोटे बोलवेना. कागद तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला. मला वाटले, शिव्याशाप देईल.

"म्हणजे ते मला सोडून गेले नव्हते," एवढेच म्हणाली आणि खाली बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "घर नको मला. भांडण ऐकलेल्या त्या चौघांना बोलवा. तुम्ही जिवंत असताना, तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना."

साक्षीदारांना मजकूर ठाऊक असावा, अशी कायद्याची सक्ती नाही. तरी वरील सर्व मी त्या चौघांसमोर मोठ्याने वाचले. पहिले कलम कायम आहे. तिसऱ्यातील "माझ्यानंतर" हा शब्द रद्द. बंदूक उद्या सकाळी मी स्वतः पोहोचवीन.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १७ ऑगस्ट, बुधवार
सही: बंदूकवाला, थोरला

साक्षीदार:
१. चष्मेवाला, समोरचे घर
२. निवृत्त पोस्टमन, वरचा मजला

उरलेल्या दोघी शेजारणींनी सही केलेली नाही. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या आहेत.