घडीवर कापलेले आंतरदेशीय पत्र

मी, वनमाला भिकाजी घाडीगावकर, वय अडुसष्ट, अविवाहित, एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त, राहणार नाहूर पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि बऱ्याच जणांच्या सल्ल्याविरुद्ध लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करीन अशी धमकी मात्र अनेकदा दिली आहे, ती येथे संपुष्टात येते.

१. नाहूरची सदनिका माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेली असून ती माझी भाची श्रुतिका हिला द्यावी. श्रुतिका ही माझा धाकटा भाऊ राजेश याची मुलगी. ती दर रविवारी येते, आल्यावर आधी पंखा लावते आणि मग "आत्या, कशी आहेस" विचारते. स्वयंपाकघरातील नळ डावीकडे जरा जास्तच पिळावा लागतो, हे तिला माहीत आहे.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिलाच. दागिन्यांबाबत वाद होण्याचे कारण नाही, कारण दागिने नाहीत.

३. पलंगाखालील पत्र्याची ट्रंक. या कुटुंबात भांडण्यासारखी हीच एक वस्तू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तिच्यात आमच्या घराण्याचे चार पिढ्यांचे कागद आहेत. आजोबा गिरणीत होते तेव्हा त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली पत्रे, ज्यांत 'पत्रास कारण की' इथपर्यंत सगळ्यांचा मजकूर एकच आहे. वडिलांची पत्रे, ज्यांत कारणही नाही, नुसत्या सूचना. काकांचे रेशनकार्ड, चुलत्यांच्या लग्नपत्रिका, म्हशीच्या विम्याचा कागद. श्रुतिका पुण्याला शिकायला होती तेव्हाचे तिचे मोबाईलवरचे निरोपही मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून त्यात ठेवले आहेत. त्यातील बहुतेक 'हो', 'ओके' आणि एक अंगठा असे आहेत. पुढच्या पिढीला आमच्या काळी प्रेम कसे व्यक्त करत हे त्यावरून कळेल.

कागद माझ्याकडे आले कारण बाकी सगळ्यांच्या घरात जागा नव्हती. माझ्याही नव्हती. दुसऱ्याच्या नावाचे पत्र सांभाळायचे पण वाचायचे नाही, ही मला रेकॉर्डची सवय. राजेशने ट्रॉम्बेच्या नोकरीत असताना लग्नानंतर आपली पत्रे या ट्रंकेत आणून टाकली, ती मी अनेक वर्षे झुरळांपासून वाचवली, पण एकही उघडले नाही. हा माझा प्रामाणिकपणा मला पुढे फार महाग पडला.

ही ट्रंक श्रुतिकाला द्यावी. तिची वाटणी कधीही करू नये. का, ते खाली येतेच.

४. स्वयंपाकघरातील मोठी कात्री माझा चुलतभाऊ धाकू, राहणार भांडुप, याला द्यावी. तिला आता धार नाही, परंतु त्याचा तिच्यावर हक्क आहे.

आईच्या वर्षश्राद्धाला सगळे माझ्याकडे जेवले आणि सुपारी खाता खाता कोणीतरी म्हणाले की ज्याचे कागद त्याने न्यावेत. धाकूदादा वडीलधारा, त्याने कायदा केला: ज्याच्या नावावर पत्र, त्याचे पत्र. हा कायदा शहाण्या घराण्यात चालला असता. आमच्याकडे गावाहून आलेले आंतरदेशीय पत्र कधी एका माणसाचे नसायचे. पोस्टाचा खर्च एकदाच, म्हणून पत्ता एकाचा आणि मजकूर सगळ्यांचा. वडील मधली जागा घ्यायचे, काकू खालचा कोपरा, आणि कडेची उरलेली पट्टी आईची. आईला लिहिता येत नसे. शेजारची जया तिच्यासाठी लिहायची, आणि आई बोलेल ते काना-मात्रा न बदलता लिहायची.

तर १९८३ सालच्या एका पत्रावर माझे आणि राजेशचे अडले. पत्र त्याच्या नावे, पण कडेला 'वनूक सांग' असे दिसत होते. तो म्हणाला, माझ्या नावावर आलंय. मी म्हणाले, निरोप माझा आहे. दोघांनी पत्र धरून ठेवले. धाकूदादाने कात्री मागवली आणि घडीवर बरोबर मधून कापून एकेक अर्धा दोघांच्या हातात दिला. न्याय झाला असे समजून त्याने दुसरी सुपारी घेतली. पुढे जे बोलणे झाले ते येथे नोंदवत नाही. त्यानंतर राजेश आणि मी बोलत नाही. दिवाळीचा फराळ श्रुतिकाच्या हाती जातो-येतो, डबे मात्र नीट परत येतात.

५. माझ्याकडील अर्धा. सगळे गेल्यावर मी तो वाचला. आईची ओळ कडेने आडवी, घडी ओलांडून गेलेली आहे. माझ्या वाट्याला एवढेच आले: 'वनूक सांग, तिना सोयरीक मोडल्यान त्येचो माका राग'. पुढे घडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या वर्षी माझी सुपारी फुटली होती. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितले, मी मुलगा सोडला. गिरण्यांच्या संपानंतर आई-वडील गावीच राहायला गेले होते, त्यामुळे लोकांची तोंडे आईने पाहिली, मी नाही. मी दर मे महिन्यात गावी गेले. आईने मला फणसाबद्दल, शेळ्यांबद्दल, काकूच्या गुडघ्यांबद्दल सांगितले, आणि या एका गोष्टीबद्दल मरेपर्यंत अवाक्षर काढले नाही. ती रागावली होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. उरलेली अर्धी ओळ राजेशकडे आहे. मी विचारले नाही. आधी वाटे, मी का नमते घ्यावे. खरे कारण असे की मला भीती वाटते. हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितले होते, ते मी ठेवले आहे.

६. राजेश भिकाजी घाडीगावकर, राहणार मुलुंड, याला या मृत्युपत्रान्वये काहीही देऊ नये. चमचासुद्धा नाही. हा राग नव्हे. माझे वकील चैतन्य सामंत यांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून एकाला काहीही न देणे आवश्यक होते. पहिल्या साक्षीदार आमच्याच इमारतीतील डॉ. अनुपमा आहेत. दुसरी जागा राजेशसाठी मोकळी आहे. वकिलांनी सोसायटीचे सेक्रेटरी सुचवले, मी नाकारले. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद रद्दी आहे, आणि श्रुतिकाचे घर अडेल, हे राजेशला समजेल. येताना त्याने त्याचा अर्धा आणावा. वकील म्हणाले, अशी विनंती मृत्युपत्रात बसत नाही. माझ्या मते ती बसण्याची दुसरी जागा नाही.

७. माझी रक्षा गावी नेऊ नये. घरामागच्या माडाखाली आईची रक्षा पुरलेली आहे. जिचा राग गेला की नाही हे माहीत नाही, तिच्याशेजारी कायमचे जाऊन पडण्याइतकी मी धीट नाही. इथेच कुठेही चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

सही: वनमाला भि. घाडीगावकर
स्थळ: नाहूर, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार क्र. १: डॉ. अनुपमा केळुसकर. वनमालाताईंची प्रकृती व बुद्धी दोन्ही ठीक असल्याचे मी तपासले आहे. रक्तदाब सही करताना थोडा वाढला होता.

साक्षीदार क्र. २: राजेश भि. घाडीगावकर. श्रुतिकाने कागद दाखवला म्हणून आलो. काही मिळणार नाही हे वाचले, मान्य आहे. माझ्याकडचा अर्धा ताईने इथे उतरवायला लावला, तो असा: 'नाय. मी पण नको म्हटलंय, पण माझा कोणी आयकूक नाय. मे म्हयन्यात येताना चायपूड आण.' हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. कडेचे मी कधी वाचायचोच नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: राजेशने चष्मा आणला नव्हता, म्हणून माझा लावून त्याने वरील ओळ मोठ्याने वाचली. 'नाय' म्हणून झाल्यावर तो थांबला, आणि मी त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. तीनदा. पत्राचे दोन्ही अर्धे चिकटपट्टीने जोडून ट्रंकेत ठेवले आहेत. कलम ७ मी माझ्या हाताने खोडले असून खोडाखोडीवर सही केली आहे. मला गावी न्यावे. जाताना चहापूड न्यावी.