खिडकीच्या आतून काढलेले फोटो

बाबा, रविवारी पोह्यांच्या बशा उचलल्या की तुम्ही टेबलावरचं मेणकापड कोरडं पुसायचात आणि न्हाणीघरात धुऊन दोरीवर वाळत घातलेले फोटो एकेक करून मांडायचात. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, बादलीला अजून तुमच्या फोटो धुवायच्या औषधांचा वास येतोय, मी अंघोळ कशात करू? तुमचं लक्षच नसायचं. दोन काटकोनी पुठ्ठे फोटोवर ठेवून तुम्ही चौकट लहान-मोठी करत राहायचात. आठवडाभर संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे छेद बघायचे आणि सुटीच्या दिवशी पुन्हा हेच, असं आई म्हणायची. मला मात्र आठवड्यात तीच एक सकाळ हवीशी आणि नकोशी वाटायची, कारण तुमच्या फोटोंनंतर माझा फोटो मांडला जायचा.

तुमचा नियम साधा होता. ज्याचा फोटो, त्यानं गप्प बसायचं. बघणाऱ्यानं आधी काय दिसतंय ते सांगायचं, मग नजर कुठं अडखळते ते. शाळेत सिस्टर शिकवायच्या की कुणी काही सांगितलं की थँक यू म्हणावं. तुमच्या टेबलावर तेवढंही चालत नसे. शेवटी फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं आणि फोटो उचलायचा. गच्चीवर उन्हात केस वाळवणाऱ्या आईचा मी काढलेला फोटो तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, “तू दाराआड उभी होतीस. पुढं जायची लाज वाटली?” आई आतून ओरडली, पोरीला एकदा तरी छान म्हणा हो. तुम्ही म्हणालात, “छान म्हटलं की ती तिथंच थांबेल.” मी ‘ऐकलं’ म्हटलं आणि खोलीत जाऊन रडले. पुढच्या रविवारी मात्र मी आईच्या इतक्या जवळ गेले होते की तिनं तेलकट हातानं मला ढकललं होतं. तो धूसर फोटो तुम्ही तुमच्या पाकिटात ठेवलात.

हे सगळं आज लिहितेय, कारण मी पुन्हा फोटो काढू लागले आहे. मोबाइलवर. तुमच्या जावयांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मी इथं लखनऊत घरातच असते. ह्यांचा उजवा हात उचलला जात नाही, बोलणं जड झालंय, पण मी खोलीबाहेर गेले की डाव्या हातातला चमचा ग्लासावर वाजतो. दुधाचं पातेलं उतरवून येईपर्यंत तो वाजत राहतो. मी आले की हे काही मागत नाहीत, नुसते बघतात आणि शांत होतात. म्हणून मी ह्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून फोटो काढते. कडुलिंब, विजेच्या तारा, केळ्यांचा ठेला, पावसात थांबलेली शाळेची व्हॅन. एकदा मी म्हटलं, जरा कपूरथळा चौकापर्यंत जाऊन येते, तिथल्या बाजारात उजेड छान असेल. हे अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, “अगं, इथंच तर सगळं येतं.”

इंदिरा नगरात हौशी लोकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा एका निवृत्त बँकवाल्यांच्या घरी जमतात. त्या दिवशी ह्यांना सांभाळायला येणाऱ्या आयाबाई जास्त वेळ थांबतात, म्हणून तेवढं मला जमतं. तिथं काहीही दाखवा, ‘क्या बात है’, ‘अरे वाह’, आणि मग समोसे. तुम्हाला तासभरही बसवलं नसतं. तुमच्या संस्थेतले सहकारी तुमच्याकडे फोटो घेऊन एकदाच यायचे, ते आठवून मला तिथं हसू येतं. पण गेल्या आठवड्यात छावणीतली एक बाई आली, फौजेतल्या अधिकाऱ्याची बायको. माझे सगळे फोटो तिनं एकामागून एक पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि म्हणाली, “दीदी, बुरा मत मानिएगा. हर फ़ोटो में आप अंदर खड़ी हैं. थकान होती है देखकर.” गटाच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी एक तरी फोटो बाहेर जाऊन काढा, असंही तिनं सुचवलं.

मी गप्प बसले. तुम्हीच लावलेली सवय. पण लखनऊमध्ये अशा वेळी ‘अरे नहीं नहीं, आपने तो इज़्ज़त बढ़ा दी’ असं काहीतरी म्हणावं लागतं. नाहीतर माणूस दुखावला असं समजतात. शेवटी तोंडून मराठीतच ‘ऐकलं’ निघालं, ते कुणाला कळलं नाही. समोसे कुणी खाईना. यजमान घाईघाईनं पंख्याबद्दल बोलू लागले.

दोन दिवसांनी ती बाई मिठाईचा डबा घेऊन घरी आली, माफी मागायला. मी तिला ह्यांच्याच खोलीत बसवलं. दुसरीकडे बसले असते तर चमचा वाजला असता. तिनं ह्यांना नमस्ते केलं. मग खिडकी पाहिली, गज पाहिले, खाली उभा असलेला केळ्यांचा ठेला पाहिला. एकेक फोटो तिला ओळखू येत होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाली, मुझे मालूम नहीं था दीदी, आप यही वाली भेज दीजिए, बहुत सुंदर हैं.

बाबा, टीका ऐकून मला वाईट वाटलं नव्हतं. ह्या ‘सुंदर’नं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बाहेर जाऊ शकणारी बाई म्हणून पाहिलं होतं, आणि आता ती ते परत घेत होती. ह्यांच्यासमोरच मी म्हटलं, “आपने जो कहा था, वह वापस मत लीजिए.” ती गोंधळली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी चमचा वाजला नाही. मीच उगाच दोनदा खोलीत डोकावून आले.

उद्या रविवार. छावणीतली बाई सकाळी गाडी घेऊन येणार आहे, गोमती नदीकाठी फोटो काढायला जायचंय. ह्यांना मी काल सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. आज दुपारी मी बाईला फोन करून नाही म्हणणार होते, नंबरही लावला, मग तिनं उचलायच्या आत ठेवून दिला.

तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. ह्याच कागदाच्या मागं मी आयाबाईंसाठी हिंदीत लिहून ठेवते आहे, म्हणजे ते उद्या फ्रिजवर लागेल. त्यांना मराठी येत नाही, ही बाजू त्या वाचणार नाहीत. मला भीती वाटते ती एवढीच की मी परत येईन तेव्हा ह्यांचं माझ्यावाचून काहीच अडलेलं नसेल.

मागच्या बाजूला, हिंदीत: साहेबांना दलिया पातळ, मीठ कमी. गोळी दलिया झाल्यावर, आधी नाही. पेपर त्यांना द्यायचा, चष्मा पुसून. मिठाईच्या डब्यातलं अर्धं आयाबाईंनी घरी न्यावं, एक तुकडा साहेबांना, मागितला तरच. घराची चावी खालच्या भाडेकरूंकडे. खिडकी उघडी असू द्यावी.