जागा केली आहे

प्रिय खटपट्या,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. मांडीवर कागद ठेवून लिहितोय, आणि कागदही धड नाहीत. वाचनालयात दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्यांसाठी मोबाइलचा वर्ग भरतो, तिथे वाटलेले हे कागद आहेत. छापील बाजूला ‘क्लाउड म्हणजे काय? नवशिक्यांसाठी’ असं आहे. ती बाजू तू वाचू नकोस, तुला ते झोपेतही येतं. माझी बाजू वाच, आणि शेवटपर्यंत वाच. आपल्या घरात सरळ मुद्द्यावर कुणालाच येता आलं नाही, मलाही येणार नाही, तेव्हा थोडा दम धर.

तर हो, तुझा बाबा शाळेत जातो. तू मला फोन शिकवायचास तेव्हा शेवटी हात जोडून म्हणायचास, बाबा, तुम्ही म्हणजे पालथा घडा. आता शिकवायला एक मॅडम आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की क्लाउड आभाळात नसतो. लांब कुठेतरी एक मोठी इमारत असते, तिच्यात रांगेनं यंत्रं असतात, आणि आपले फोटो खरे तिथे राहतात. आपण भाड्यानं जागा घेतलेली असते, पासवर्ड सांगितला की कुठूनही आपला माल बघता येतो. आमच्यात एक रिटायर्ड शिंपी आहे, पक्का शंकासुर. त्यानं विचारलं, तिथली वीज गेली तर? मॅडम म्हणाल्या, जनरेटर असतात, आणि शिवाय मालाची दुसरी प्रत वेगळ्या गावातल्या इमारतीत ठेवलेली असते. यंत्रं तापतात म्हणून ती जागा रात्रंदिवस थंड ठेवावी लागते. हे ऐकलं आणि मी सरसावून बसलो. जन्मभर मी शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळला. लोकांची सफरचंदं, लोकांची मासळी, माझी फक्त थंडी. ज्याला जेवढी लागेल तेवढी खोली, तेवढंच भाडं, आणि आत काय ठेवलंय ते आम्ही उघडून बघायचं नाही. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच दुकान.

पण शीतगृहाची हौस म्हणून मी तिथे गेलो नव्हतो. मी गेलो तुझ्यासाठी. तू घर सोडलंस, नंबर बंद केलास, सगळे दोर कापलेस, पण एक राहिला. आईला पहिला चांगला फोन घेतला तेव्हा तूच आपल्या तिघांचं मिळून एकच खातं उघडलं होतंस. तीन पासवर्ड लक्षात ठेवणं तुमच्या बापजन्मात जमणार नाही म्हणालास. ते खातं चालूच होतं. तू गेल्यावर आठवड्याभरानं मी फोन हातात घेतला तर त्यात एक नवीन फोटो. पांढऱ्या कागदावर रांगेनं ठेवलेले बारीक स्क्रू, शेजारी पोट उघडलेला कुणाचा तरी मोबाइल. कुठला स्क्रू कुठला ते विसरू नये म्हणून तू आधीपासूनच असा फोटो काढतोस. म्हणजे कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी दुकानात तू काम करत होतास. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर मी तुझे स्क्रू बघतो. कधी खिडकी, कधी जिन्यात झोपलेलं एक लंगडं मांजर, कधी उशिरा काम संपल्यावरचं जेवणाचं ताट, त्यात निम्मं उरलेलं. तुझ्या परवानगीवाचून बघत होतो, ते मला कळत होतं. पण एक सांगू? जो माणूस लोकांचे फोन दुरुस्त करून पोट भरतो, तो हे खातं बंद करायला विसरेल, हे मला पटत नाही. मी स्वतःची अशी समजूत घातली होती की तू मुद्दाम एक फट उघडी ठेवलीस. खोटी असेल तर असू दे. मी तिच्यावरच जगलो.

मग फोटो यायचे बंद झाले. मला वाटलं, कळलं तुला, आणि फट बुजवलीस. मी रुसलो, चक्क लहान मुलासारखा. सकाळचा चहा फोन उलटा ठेवून प्यायलो. फोनवर तांबड्या अक्षरात काहीतरी येत होतं, पण फोनवर जे जे तांबडं येतं ते जाहिरात असतं अशी माझी समजूत, मी ते बोटानं झटकत राहिलो. शेवटी एका बुधवारी मॅडमनीच माझा फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, काका, तुमची जागा भरली आहे. गोदाम भरलं की माल आत घेत नाहीत, ट्रक बाहेर उभे राहतात. मी विचारलं, म्हणजे तो पाठवतोय आणि मला मिळत नाही, असं असेल? म्हणाल्या, असेल. पाठवत नसेल असंही असेल. जागा केल्याशिवाय कळणार नाही.

जास्तीची जागा विकत घ्यायला गेलो तर त्याचा कोड तुझ्या जुन्या नंबरावर जातो, आणि तो नंबर बंद. म्हणजे आहे त्यातलंच काहीतरी पुसायचं. मॅडमनी दाखवलं, सगळ्यात जास्त जागा कोणी अडवली होती ते. तुझ्या आईनं. तिचे व्हिडिओ. तुला आठवत असेल, तिला फोटो काढायचा असायचा आणि व्हिडिओ चालू व्हायचा. नुसती फरशी, तिच्या चपला, तिचा अंगठा आणि मागून आवाज, हे चालू झालं का रे? असे शेकड्यांनी. ती गेल्यापासून मी त्यातला एकही उघडला नव्हता, तूही नसशील. शंकासुर म्हणाला, फोनमधून पुसा, क्लाउडात राहतील की. मॅडम म्हणाल्या, नाही. तिघांचा हिशेब एकच आहे, इथे पुसलं की सगळीकडून जातं. पुसलेलंसुद्धा काही दिवस कचऱ्याच्या टोपलीत पडून जागा खातं, टोपली रिकामी केली की मगच जागा होते, आणि मग कुणाच्या बापालाही ते परत आणता येत नाही. असं त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतोय.

मी घरी जाऊन एकेक लावला आणि एकेक पुसला. पुसण्याआधी प्रत्येक शेवटपर्यंत बघायचा असं ठरवलं होतं, निदान तेवढा मान तिला द्यायला हवा होता. फरशी, पडदा, भाजीची पिशवी. ती कुणाशी तरी भांडतेय, ती शिंकतेय, ती माझी नक्कल करतेय आणि एकटीच हसतेय. मला माहीत नव्हतं ती माझी नक्कल करायची. बघून हसलो आणि तोही पुसला. मेलेल्या बायकोला स्वतःच्या बोटानं दुसऱ्यांदा पोचवायचं, हे कुणाच्या नशिबी येऊ नये. पण ती असती तर तिनंच माझं बोट धरून दाबलं असतं. पोराचं काही येणार असेल तर माझी फरशी कशाला ठेवता, म्हणाली असती.

टोपली रिकामी केली आणि सकाळपर्यंत तुझे अडकलेले फोटो एकदम येऊन पडले. मी आनंदानं उघडले. आधी स्क्रू होते, पण रांगेत नव्हते. मग स्क्रूच नव्हते. मग छत. तेच छत, तोच पंखा, किती वेळा कोण जाणे. मग एक फोटो, तुझ्या जुन्या फोनच्या पडद्याचा. आईचे मिस्ड कॉल, एकाखाली एक, शेजारी वेळ. म्हणजे तू तो फोन अजून जपून ठेवलायस, आणि पडल्या पडल्या तेच बघतोस. आणि शेवटचा फोटो तुझ्या हत्यारांचा. चिमटे, पेचकस, सोल्डरिंग आयर्न, सगळं पुसून, फडक्यावर मांडून, कुणाला तरी देऊन टाकायला काढल्यासारखं. कारागीर हत्यारं उगाच देऊन टाकत नाही. मला भीती वाटली, पोरा. अजून वाटतेय.

आता आई गेली त्या दिवसाचं बोलतो. आपण दोघं त्यावर कधी बोललोच नाही. मी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली होती आणि सगळं संपलं होतं. तू दुकानात सोल्डरिंग करत होतास, फोन आवाज बंद करून खिशात. भेटायला आलेल्या माणसांसमोर तुझी आत्या म्हणाली, फोन खिशातच होता म्हणे. तिच्या जिभेला हाड नाही. मी तुला दोष दिला नव्हता, पण तिला गप्पही केलं नाही, आणि तू माझं गप्प बसणं मोजलंस. त्याच महिन्यात तू गेलास. तू धरून चाललास की ती जीव जाताना तुला बोलवत होती.

खटपट्या, सगळे व्हिडिओ पुसले, एक ठेवलाय. तो त्याच दुपारचा आहे. त्याखाली वेळ आहे, ती मी चष्मा पुसून पुसून तुझ्या त्या मिस्ड कॉलच्या फोटोशी ताडून पाहिली. शेवटच्या कॉलच्या बऱ्याच नंतरची आहे. त्यात पुन्हा फरशी आणि चपलाच दिसतात, आणि ती चांगली ठणठणीत बोलतेय. फोनची अक्षरं बारीक झालीत, मुंगीएवढी, मोठी कशी करायची ते विचारायला तुला फोन लावत होती. म्हणते, हा पोरगा उचलेल तर शपथ. मग स्वतःच म्हणते, असू दे, कामात असेल बिचारा, रात्री आला की त्याच्याच डोक्यावर बसते. मग नळ सुरू होतो आणि ती भांडी घासत गुणगुणते. छातीत दुखायला लागलं असेल ते त्यानंतर, आणि तेव्हा तिनं कुणालाच फोन केला नाही. तिला वेळच मिळाला नसेल. तू उचलला असतास तर तिची अक्षरं मोठी झाली असती. एवढंच.

तो व्हिडिओ मी पुसला नाही म्हणजे तो तुझ्याही फोनमध्ये आहे. इथलं पुसलं की तिथलं जातं, तसं इथे ठेवलेलं तिथे राहतं. तुझ्या एका फोटोत पार्सलच्या खोक्यावर दुकानाचा पत्ता होता, दोन बोटांनी मोठा करून वाचला. दुकानाला फोन केला. मालक म्हणाले, काम सोडलं, हत्यारं पोरांना वाटून टाकली, वरच्या खोलीत असतो, दार उघडत नाही. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. सकाळपासून तुझ्या दाराबाहेर जिन्यावर बसलोय, शेजारी ते लंगडं मांजर आहे. हाका मारल्या, तू बोलला नाहीस, पण नळाचा आवाज आला, म्हणून लिहायला बसलो. एकेक पान लिहून फटीतून आत सरकवतोय. पहिलं बराच वेळ अर्धं बाहेरच होतं. आता ते दिसत नाही, पुढचंही दिसत नाही, म्हणजे तू आत दाराशी बसून वाचतोयस. मालकांनी कुलूपवाल्याला बोलावलंय, तो आला की मी त्याला अडवणार नाही. पण त्याआधी तूच उघडावंस असं मला वाटतं. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. आधी तो व्हिडिओ ऐक, आणि मग एक फोटो काढ. छताचा काढ, भिंतीचा काढ, ह्या कागदाचा काढ. फोन माझ्या हातात आहे. जागा केली आहे.

तुझाच, दाराच्या अलीकडे बसलेला,
बाबा