आलास नाही, आलीस

४ फेब्रुवारी
रेवतीनं सामान नेलं. तिचा भाऊ साताऱ्याहून टेम्पो घेऊन आला होता. इतकी वर्षं कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये आम्ही जगासाठी रूममेट. निघताना भाऊ मला म्हणाला, "ताई, हिला बहिणीसारखं सांभाळलंत." रे. खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. मी म्हणाले, "तिचा कुकर राहिला." आणून दिला. मे महिन्यात तिचं लग्न. मुलगा चांगला आहे म्हणे. असेलच.

७ फेब्रु.
शाळेत तिसरीला समूहगीत शिकवताना आवाज फुटेना. सर्दी झालीय, असं सांगितलं.

९ फेब्रु.
समीरकडे कार्यक्रमाची रिहर्सल. नवीन गाणं म्हटलं, 'उशिरा का होईना, आलास...' त्यानं गिटार खाली ठेवली.
"कोणासाठी लिहिलंयस?"
"असंच."
"तसंच वाटतंय."
राग आला. पण खोटं नाही बोलला. माझ्या प्रत्येक गाण्यात एक 'तो' आहे. तसा कुणी कधी नव्हताच.

१० फेब्रु.
'आलास'चं 'आलीस' केलं. चालीला कुठेच धक्का नाही. इतकं सोपं होतं. पुढचं कडवं मात्र होईना, रडत बसले.
संध्याकाळी रे.ला फोन. तिला सांगायला हवं, असं वाटलं.
"माझं नाव नाही ना त्यात?"
"नाही."
"मग म्हण. गौरी, मला पाठवू नकोस पण."

१५ फेब्रु.
आई बिबवेवाडीहून राहायला आलीय. ती मटार सोलत होती, मी गुणगुणत होते.
"आलीस म्हणतेस? पुरुषाच्या तोंडचं आहे का?"
आयती पळवाट दिली तिनं. घेतली नाही.
"माझ्याच तोंडचं आहे, आई. रेवतीसाठी."
तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग, "तिच्या घरी माहीत आहे?"
"नाही."
"बरं." एवढंच. रात्री नीट जेवली नाही. बाबा असते तर... नको.

२२ फेब्रु.
इथल्याच एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम. गायले. दुसऱ्या कडव्यात अडले. समीर तेच सूर वाजवत थांबला, मग सावरले. टाळ्या झाल्या. नंतर एक आजोबा जवळ आले. "चाल उत्तम. शब्दांत एक चूक आहे, 'आलास' हवं."
"चूक नाही, काका. 'आलीस'च आहे."
चष्मा नीट करून माझ्याकडे पाहिलं. "असं होय," म्हणाले आणि चपला शोधायला गेले.
आई आली नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. गायल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. खरं गायलं म्हणून रे. परत थोडीच...

२६ फेब्रु.
रे.चा फोन. शनिवारी पुण्यात येतेय, लक्ष्मी रोडला, लग्नाच्या साड्या घ्यायला. दुपारी तासभर निसटेन म्हणाली. "ते गाणं ऐकव. समोर बसून ऐकायचंय." कळवते म्हटलं.
आईला सांगितलं. पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "इथेच बोलाव. हॉटेलात काय गाणार आहेस." थोड्या वेळानं, "जेवून जाईल का ती?"
माहीत नाही म्हटलं.
रे.ला अजून काही कळवलेलं नाही.